‘बसल्यावर’ रडणारा कवी

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला आणि फीचर्सच्या मॅडमचा फोन आला की समजायचं, थर्टी फर्स्टचं पान आलं. ‘‘एक छोटासा बॉक्स हवाय गं. दारूबद्दल जगभरातले मोठे लोक काय म्हणून गेलेत... फनी ठेव हं, लेक्चर नको. दोनशे शब्द. उद्या दुपारपर्यंत.’’ फ्रीलान्सरच्या आयुष्यात ‘उद्या दुपारपर्यंत’ म्हणजे चिक्कार वेळ. मी एक उमर खय्याम घेतला, एक गालिब घेतला (ही दोन नावं नसतील तर मॅडम पान पुढे सरकवत नाहीत) आणि जरा हटके काहीतरी हवं म्हणून शोधता शोधता एक जपानी गृहस्थ सापडले. ओतोमो नो ताबितो. जन्म इसवी सन ६६५, मृत्यू ७३१. साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची स्तुती करणाऱ्या तेरा कविता नावावर! त्यातल्या एकीत त्याने न पिणाऱ्या शहाण्या लोकांना चक्क माकडाच्या रांगेत बसवलंय. बस्स. बॉक्स सजला. ‘तेराशे वर्षांपूर्वीचा पार्टी अ‍ॅनिमल’ असं हेडिंगही मीच दिलं.

बॉक्स हिट झाला. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी त्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘हे रडूबाईला पाठवा रे कुणीतरी.’ सगळ्यांनी हसून घेतलं. मीसुद्धा.

रडूबाई म्हणजे कोण, ते सांगायला हवं.

मराठीत ‘बसणे’ या साध्यासुध्या क्रियापदाला आपण जो अर्थ चिकटवलाय, तो कुठल्याही शब्दकोशात बघायला जाऊ नका. ‘आज बसू या का?’ असं म्हटल्यावर कुणी खुर्ची आणत नाही. तर सप्टेंबरमध्ये आम्ही सात जण वाकडला एकाच्या फ्लॅटवर असेच ‘बसलो’ होतो. खारे शेंगदाणे, मसाला पापड, मोठ्या आवाजात जुनी गाणी. आमच्यातला एक हिंजवडीला टीम लीड आहे. मे महिन्यात त्याचे बाबा गेले होते. हॉस्पिटलचं बिल, तेरावा, बँकेची कामं, डेथ सर्टिफिकेटच्या झेरॉक्स... सगळं त्याने एखादं प्रोजेक्ट डिलिव्हर करावं तसं केलं होतं. पंधराव्या दिवशी लॉगइन. ‘किती स्ट्राँग आहे यार!’ असं आम्ही सगळे म्हणायचो.

त्या रात्री तिसऱ्या पेगला हा माणूस रडायला लागला. नुसता डोळे पुसत नव्हता, पोटातून रडत होता. नाक, तोंड, शर्ट, सगळं ओलं. आम्हाला काय करावं ते सुचेना. मग एकाने गाण्याचा आवाज वाढवला आणि एकाने मोबाइल काढला. सकाळी व्हिडिओ ग्रुपवर होता. मी त्यावर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा टाकला. तासाभराने एक ओळ आली... अमुक लेफ्ट.

आम्ही म्हटलं, सोड, येईल परत.

थर्टी फर्स्टचा बॉक्स छापून आला त्या आठवड्यात मला फोन आला तो माझ्या एका मैत्रिणीचा. ती पुण्यात जॅपनीज शिकवते. (पुण्यात दर तिसऱ्या घरात एक जण एन-फोरची तयारी करत असतो, त्यामुळे तिचं बरं चाललंय.) ती म्हणाली, ‘‘माकड छान आहे. पण उरलेल्या बारा वाचल्यास का?’’

मी वाचल्या नव्हत्या. बॉक्स दोनशे शब्दांचा होता.

‘‘वाच. आणि एक शब्द मोज. एइ-नाकी. एइ म्हणजे चढणं, नाकी म्हणजे रडणं. पिऊन रडणं.’’

मी मोजला. तेरा कवितांत तीनदा. एकदा कवी म्हणतो की शहाण्यासारखं बोलत बसण्यापेक्षा ते बरं. एकदा म्हणतो, जगातल्या सगळ्या मौजांत खरी मौज तीच. आणि शेवटच्या, तेराव्या कवितेत, म्हणजे जिथे आपण ‘चिअर्स’ म्हणून ग्लास उंचावू तिथे, पुन्हा तेच. गप्प राहून शहाणपण मिरवणं त्याच्या पासंगालाही पुरत नाही, असं. दारूच्या सुखांची यादी करायला बसलेल्या माणसाने त्या यादीत सर्वात वर रडणं ठेवलंय आणि यादी संपवलीही त्यावरच. पार्टी अ‍ॅनिमल! मला माझ्याच हेडिंगची लाज वाटली.

मग मी ताबितोच्या मागेच लागले. मॅडमला सांगितलं, मोठा लेख देते. मॅडम म्हणाल्या, ‘‘फनी असेल ना?’’

या तेरा कविता ‘मान्योश्यू’ नावाच्या संग्रहात आहेत. जपानी कवितांचा उपलब्ध असलेला सर्वात जुना संग्रह. वीस खंड, साडेचार हजारांवर कविता, आठव्या शतकात जमवलेल्या. जमवणाऱ्यांत मोठा हात होता तो ताबितोच्याच मुलाचा, याकामोचीचा. कवितेचा साचा छोटा, एकतीस अक्षरांचा, पाच-सात-पाच-सात-सात असा. म्हणजे एसेमेसएवढी जागा, त्यात काय म्हणायचं ते म्हणून मोकळं व्हायचं. ताबितोने तसे तेरा एसेमेस साकेला पाठवलेत असं समजा.

वाचायला त्या खरंच मजेदार आहेत, हे मान्य करायला हवं. साके म्हणजे ‘संत’, असं म्हणणाऱ्या जुन्या लोकांचं एका कवितेत त्याने कौतुक केलंय. यामागे एक चिनी किस्सा आहे. तिसऱ्या शतकात त्साओ त्साओ या सत्ताधीशाने दारूबंदी केली, तेव्हा पिणाऱ्यांनी कोडवर्ड काढले. गाळलेल्या स्वच्छ दारूला संत म्हणायचं आणि गढूळ दारूला सज्जन. (ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी फोनवर तुम्ही कुठला शब्द वापरता, ते मी विचारणार नाही. आपल्या महाराष्ट्रात तर १९४९ च्या कायद्यानुसार कागदोपत्री अजूनही पिण्याचं परमिट लागतं, म्हणून तर बोर्डावर ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं.) दुसऱ्या एका कवितेत ताबितोला माणूस म्हणून जगण्यापेक्षा साकेचा रांजण व्हावंसं वाटतं, म्हणजे सतत मुरत राहता येईल. ही आयडियाही चीनमधलीच. तिथल्या एका दारूप्रेमीने म्हणे सांगून ठेवलं होतं की मला कुंभाराच्या घराजवळ पुरा, मातीत मिसळून मी कधी तरी दारूचा घडा होईन.

आणि पुढचा जन्म किड्याचा मिळो की पक्ष्याचा, चालेल, या जन्मी मजा करू दे, असंही त्याचं म्हणणं आहे. आठव्या शतकातल्या बौद्ध जपानमध्ये हे लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. मद्यपान हे पाप मानणाऱ्या धर्माला त्याने सरळ उत्तर दिलंय, होऊ दे मग किडा!

एक गोष्ट मात्र मला खटकली. तो पुन्हा पुन्हा ‘गढूळ’ साके म्हणतो. साके बनते ती भात, पाणी आणि भातावर वाढवलेली एक बुरशी यांच्यापासून. आंबलेला लगदा कापडातून गाळला की स्वच्छ साके मिळते, नाही गाळला तर दुधट, दाटसर. त्या काळी नाराच्या राजवाड्यात साके गाळणारं वेगळं सरकारी खातंच होतं. ताबितो हा काही गरीब कारकून नव्हता. ओतोमो हे जुनं लष्करी घराणं. ७२० मध्ये दक्षिण क्युशूतलं हायातो लोकांचं बंड मोडायला पाठवलेला सेनापती हाच. त्याला ‘संत’ परवडत होता. तरी अनमोल रत्न नको, रात्री चमकणारा मणी नको, एक पेला गढूळ द्या, असं तो सांगतो. मला तरी वाटतं, टेस्टिंग नोट्सवाल्यांचा हा माणूस नव्हे. काय पितोय याच्याशी त्याला घेणं नव्हतं.

मग कशाशी होतं?

साधारण ७२८ च्या सुमारास ताबितोची बदली झाली. दाझाइफूला. हे ठिकाण क्युशू बेटावर, आजच्या फुकुओका शहराजवळ. क्युशूचा सगळा कारभार आणि चीन-कोरियाकडून येणाऱ्या दूतांचं स्वागत तिथून चालायचं. हा तिथला सर्वात मोठा साहेब. पद भारी, पण राजधानीपासून जमीन आणि समुद्र पार करत कित्येक दिवसांच्या वाटेवर. वय साठीच्या पुढे. सोबत बायको, ओतोमो नो इरात्सुमे, आणि साधारण दहा वर्षांचा याकामोची.

पोचल्यावर थोड्याच दिवसांत बायको गेली. परक्या गावात, सामान अजून पुरतं लागलंही नसेल तेव्हा. ७२८ च्या सहाव्या महिन्यात राजधानीतून आलेल्या सांत्वनाला त्याने दिलेलं उत्तर मान्योश्यूत जपून ठेवलंय. त्यात वाईट बातम्यांचा ढीग साचल्याचं तो लिहितो आणि खाली एक कविता जोडतो. हे जग पोकळ आहे, हे आजवर ऐकून माहीत होतं, ते आता कळलं, असा काहीसा तिचा अर्थ.

साकेच्या कवितांवर तारीख नाही. पण अभ्यासक त्या याच दाझाइफूच्या काळातल्या मानतात, आणि त्या एकदा या कॅलेंडरवर ठेवून पाहिल्या की वेगळ्याच दिसायला लागतात. शहाणपणाचा त्याला एवढा राग का, हेही कळतं. साहेबाने सगळ्यांसमोर शहाण्यासारखंच राहायचं असतं. सकाळी दरबार, संध्याकाळी मेजवानी, पाहुण्यांपुढे हसरा चेहरा. त्यात ऑफिस पॉलिटिक्स. ७२९ मध्ये राजधानीत राजकुमार नागाया याच्यावर जादूटोण्याने राज्य बुडवण्याचा आरोप ठेवला गेला आणि त्याला स्वतःचा जीव घ्यावा लागला. सत्ता फुजिवारा घराण्याच्या चार भावांकडे सरकली. त्याच वर्षी ताबितोने त्यांच्यातल्या एकाला, फुसासाकीला, एक सुंदर कोतो वाद्य भेट म्हणून पाठवलं, सोबत लाडिक पत्र. निव्वळ मैत्री होती की अप्रेझलची तयारी, यावर विद्वान अजून भांडतात. मला दुसरी शक्यता जास्त मानवी वाटते. परत घरी जायचं होतं त्याला.

अशा माणसाला रडायला जागा कुठे? पेल्याच्या मागे. प्यायलेल्या माणसाचं रडणं कुणी मनावर घेत नाही, ही त्याची सोय होती.

आपल्याकडे दारूला साहित्यात दोनच खोल्या दिल्यात. एक ‘एकच प्याला’मधली सुधाकरची, जिथून कुणी जिवंत परत येत नाही. दुसरी त्याच नाटकातली तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाची, जिथे सगळंच हास्यास्पद. म्हणून पिऊन रडणारा माणूस आपल्याला एकतर बरबाद वाटतो, नाहीतर विनोदी. आमच्या ग्रुपने त्या रात्री पटकन विनोदी ठरवून टाकलं. बरबाद ठरवलं असतं तर कुणाला तरी जाऊन जवळ बसावं लागलं असतं.

ताबितोजवळ बसणारा एक जण होता. यामानोउए नो ओकुरा. त्याच भागातल्या चिकुझेन प्रांताचा गव्हर्नर, कवी, वय सत्तरीला टेकलेलं. गंमत अशी की मान्योश्यूच्या तिसऱ्या खंडात ताबितोच्या तेरा कवितांच्या लगेच आधी ओकुराची एक कविता आहे, मेजवानीतून उठून जाणाऱ्याची. आता मी निघतो, मूल रडत असेल आणि त्याची आई वाट बघत असेल, अशा अर्थाची. सत्तरीच्या माणसाला कुठलं आलंय रडणारं मूल? बहुधा हशा पिकवून कटायची युक्ती. ‘बायको वाट बघतेय’ हे कारण तेराशे वर्षं चालतंय म्हणजे बघा. पण त्या बैठकीत एक जण असा होता की ज्याची वाट बघणारं घरी आता कुणी नव्हतं. संग्रह लावणाऱ्या कुणीतरी त्या एका कवितेनंतर सरळ ताबितोच्या तेरा कविता ठेवून दिल्यात. मुद्दाम की कसं, देव जाणे. मला तिथे थांबावं लागलं.

हाच ओकुरा, ताबितोची बायको गेली तेव्हा सातव्या महिन्यात एक लांबलचक शोककविता लिहून त्याला देऊन आला. ती कविता नवऱ्याच्या आवाजात आहे. साहेबाला जे स्वतःला म्हणता येत नव्हतं, ते मित्राने म्हणून दिलं. (आम्ही व्हिडिओ काढला होता.) पुढे ओकुराने गरिबांवरही एक प्रसिद्ध कविता लिहिली. तिच्यातही दारू आहे. साके गाळून उरलेला चोथा गरम पाण्यात कालवलेला, आणि चखणा म्हणून मिठाचा खडा. बाहेर पाऊस आणि बर्फ. ताबितोचं गढूळ साकेचं कौतुक वाचून झाल्यावर हे वाचा, घशाखाली उतरत नाही.

७३० च्या पहिल्या महिन्यात ताबितोने आपल्या घरी प्लमच्या फुलांची मेजवानी दिली. बत्तीस जणांनी एकेक कविता केली, ओकुरा होताच. त्या कवितांच्या प्रस्तावनेतल्या शब्दांवरून २०१९ मध्ये जपानने आपल्या नव्या सम्राटाच्या कालखंडाला ‘रेइवा’ हे नाव दिलं, आणि ताबितोचं घर जिथे होतं असं मानतात त्या दाझाइफूतल्या छोट्याशा साकामोतो हाचिमान देवळात गर्दी लोटली. त्या प्रस्तावनेत प्रसन्न हवा आहे, मंद वारा आहे, पेले फिरताहेत. बायकोचा उल्लेख नाही. साहेब शहाण्यासारखे वागलेत.

एवढं वाचून झाल्यावर मी आमच्या त्या मित्राला फोन केला. चार महिन्यांनी. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून म्हटलं, ‘‘एका जपानी कवीबद्दल लिहितेय, त्यात तू येतोयस. चालेल?’’

‘‘व्हिडिओ येतोय का?’’

‘‘येतोय.’’

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘नाव नको टाकूस. आणि ये घरी, चहा पिऊ.’’

गेले. सॉरी म्हणाले. त्याने ते फार ताणलं नाही, ‘‘तुम्ही लोक घाबरलात, कळलं मला तेव्हाच,’’ एवढंच म्हणाला. वाईट कशाचं वाटलं, तर दुसऱ्या दिवशी कुणीच फोन केला नाही याचं. रडायचं ठरवून प्यायला नव्हता तो. ‘‘आलं अचानक. घरी आईसमोर येत नाही ना.’’ त्यानंतर त्याने पिणं सोडलं का, असं मी विचारलं. नाही, अधूनमधून होते म्हणाला, पण आमच्यासोबत नाही. खाली पार्किंगमध्ये त्याच्या बाबांची स्कूटर आहे. वापरत कुणी नाही. दर रविवारी हा जाऊन किक मारतो, पाच मिनिटं चालू ठेवतो, बंद करून वर येतो. त्या पाच मिनिटांत हेल्मेट घालून बसतो, कारण सोसायटीतली मुलं बघतात.

मी त्याला ताबितो सांगितला. तेरा कविता, तीनदा रडणं, ओकुरा. त्याला माकड जाम आवडलं. मग विचारलं, ‘‘पुढे काय झालं त्याचं? दारूने गेला का?’’

तसं कुठे लिहिलेलं नाही. ७३० च्या शेवटी त्याला बढती मिळून नाराला परत बोलावलं. साकेच्या तेरा कविता ज्या तिसऱ्या खंडात आहेत, त्याच खंडात बायकोसाठी लिहिलेल्या अकरा आहेत. त्यांतल्या काही या परतीच्या वाटेवरच्या. जाताना दोघांनी तोमो नावाच्या बंदरापाशी एक झाड पाहिलं होतं. येताना झाड होतं, तो एकटा होता. घरी पोचल्यावर तीन कविता आहेत. रिकामं घर, दोघांनी मिळून केलेली आणि आता दाट वाढलेली बाग, आणि बायकोने स्वतः लावलेलं प्लमचं झाड. ते झाड दिसलं की प्रत्येक वेळी आपल्याला रडू येतं, असं तो त्या शेवटच्या कवितेत सांगतो. त्या कवितेत साके नाही. अकरांपैकी एकीतही नाही.

‘‘म्हणजे घरी आल्यावर न पिता जमलं त्याला,’’ मित्र म्हणाला.

‘‘हो. मग सहा-सात महिन्यांनी गेला. आजारी होता.’’

त्याच्या शेवटच्या दिवसांत जवळ असलेल्या यो नो म्योगुन नावाच्या सेवकाने काही कविता केल्या, त्याही याच खंडात आहेत. त्यांवरून कळतं की ताबितो अंथरुणावरून विचारत होता, हागीला फुलं आली का? जपानमध्ये ती शरद ऋतूत येतात, आणि शरद नुकता लागला होता.

हागी म्हणजे कसलं झाड, असं त्याने विचारलं. मी मोबाइलवर फोटो शोधून दाखवला. बारीक पानं, खाली झुकलेल्या फांद्या, जांभळट गुलाबी फुलं. त्याने तो मोठा करून पाहिला. चहा निवला होता. तो उठून पुन्हा गरम करायला आत गेला.